घरकुलातला आमचा हिस्सा

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तेव्हा वस्तीच्या घरांवर तुम्ही चार शब्द लिहा, असा संपादक मंडळाने आग्रह धरला. आम्ही जिनिंगमधले कामगार. कापसाच्या गाठी उचलण्यात उमर गेली. शाळा सातवीला सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि मोर्चात झाले. त्यामुळे भाषा पंडिती नसेल, ती सांभाळून घ्यावी.

गावात आजही काही लोक म्हणतात, "ह्यांना सरकारनं फुकट घरं दिली." आपलीही पोरे कधीकधी तसेच बोलतात, याचे जास्त वाईट वाटते. म्हणून हा इतिहास थोडक्यात मांडतो.

आपल्या आजोबांचे घर म्हणजे तुराट्याचा कूड, शेणमातीचा लेप आणि वर पाचट. गावकुसाबाहेर, आणि तीही जागा आपल्या नावावर नाही. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्य बदलले तरी गावचा पाटील बदलला नाही. 1953 साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पुढे 6 डिसेंबर 1964 पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली देशभर जो सत्याग्रह झाला, त्यात लाखो बायाबापड्या तुरुंगात गेल्या. आपल्या जिल्ह्यात एकनाथ आवाड, म्हणजे आपले जिजा, यांनी मानवी हक्क अभियानातून गायरानाचा लढा गावोगाव नेला. जमीन आधी आणि घर मागून, हे या सर्वांनी ओळखले होते. कारण 1978 च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या, तेव्हा कूड आणि पाचट जळायला किती वेळ लागतो? पक्के घर ही आपल्या लेखी चैनीची वस्तू कधीच नव्हती. तो जिवाचा प्रश्न होता.

दुसरी गोष्ट 1972 च्या दुष्काळाची. आपल्या आईबापांनी खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, रस्ते केले. त्या कामांतून महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा 1977 साली आला. पण ज्या हातांनी जिल्ह्याचे रस्ते केले, त्या हातांच्या घराला दार नव्हते, गोणपाटाचा पडदा होता.

1985 साली केंद्राची इंदिरा आवास योजना सुरू झाली. 1 जानेवारी 1996 पासून ती स्वतंत्र योजना झाली. तिच्यातला एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : ठेकेदार लावायचा नाही, घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे. 1996 साली सपाट मुलखासाठी 20,000 रुपये मिळत. पुढे महाराष्ट्रात घरकुलाची किंमत 70,000 धरली गेली. त्यातले सरकारचे 68,500 आणि लाभार्थ्याच्या मजुरीचे 1,500. किंमत एक लाख झाली तेव्हा मजुरीचा हिस्सा 5,000 धरला.

आता हे 1,500 रुपये पाहा. 2011-12 साली रोहयोची मजुरी दिवसाला 127 रुपये होती. त्या दराने पुरे बारा दिवससुद्धा भरत नाहीत. आमचे घर बांधले तेव्हा पाया आम्ही आणि भावाने खोदला. मुरूम टाकला, चोपला. दगड बैलगाडीने आणले. विटा उतरवल्या, गारा केला, गवंड्याच्या हाताखाली राहिलो. आमच्या सौभाग्यवतीने पाणी आणले अर्ध्या कोसावरून, डोक्यावर. भिंतीला पाणी मारायचे आणि प्यायचे, दोन्ही तिच्याच डोक्यावर. जिनिंगची पाळी सांभाळून हे सगळे अडीच महिने चालले. रोजंदारीने पैसे मोजून घेतले ते फक्त गवंडी आणि सुतार यांनी. कागदावर आमचा हिस्सा बारा दिवसांचा, आणि बायकोच्या पाण्याचा हिशोब कोणत्याच रकान्यात नाही. याला फुकट म्हणायचे?

स्वतःच्या हाताने बांधण्याचा फायदाही सांगितला पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आपले अंबाजोगाईही हादरले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद यांनी हजारो माणसे गाडली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत 52 गावे नव्या जागी वसवली. पण त्याहून मोठे काम दुरुस्तीचे झाले. दीड लाखाहून जास्त घरे मालकांनीच सरकारी मदतीने दुरुस्त आणि मजबूत केली. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक झाल्या. मदत कशी मिळते, घर कसे मजबूत करायचे, हे त्यांनी घरोघर समजावले. खिडकी-दाराच्या वर भिंतीभोवती सिमेंट-लोखंडाचा पट्टा का लागतो, हे मराठवाड्यातल्या पुष्कळ लोकांना तेव्हाच कळले. जो स्वतः भिंत रचतो, त्याला ती कशाने पडते हेही कळते.

2008 साली महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना काढली, 269 चौरस फुटांचे घर. माता रमाईंचे नाव घराला शोभते. परळच्या चाळीत त्यांनी संसार केला, बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले, पण त्या घराचे सुख त्यांना फार लाभले नाही. 27 मे 1935 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. 1,20,000 रुपये, आणि वर रोहयोतून 90 दिवसांची अकुशल मजुरी. 2024-25 च्या 297 रुपये दराने ती 26,730 होते. म्हणजे आपल्याच घरावर गाळलेला घाम हजेरीपटावर आला. आधी तो आपल्याकडून वसूल करण्याचा हिस्सा होता, आता त्याची मजुरी मिळू लागली. ही छोटी गोष्ट नाही.

पण आपल्या जिल्ह्यात मोठी अडचण आहे. दसरा-दिवाळी झाली की निम्मी वस्ती कोयता घेऊन ऊसतोडीला जाते. हिवाळ्यात विहिरीला पाणी असते, पण माणसे फडात. पाडव्याच्या सुमारास माणसे येतात, तेव्हा विहिरीला पाणी नसते. मग बांधकाम कधी करायचे? हप्ता मिळतो कामाची पायरी पाहून, आधी पाया, मग लिंटल, मग छत. किती घरे लिंटलपर्यंत येऊन दोन-दोन पावसाळे उघडी राहिली, ते आपण पाहिले आहे.

यावर वस्तीने उपाय काढला तो जुनाच, सावड. शेतात करतो तीच. आठ घरांनी मिळून आज तुझा पाया, उद्या माझा. जे मागे राहिले त्यांनी ऊसतोडीला गेलेल्यांच्या भिंतींना पाणी मारले, आलेल्यांनी उन्हाळ्यात त्यांचे छत टाकले.

इथे एक चूकही लिहून ठेवतो. विहाराच्या स्लॅबच्या वेळी आम्ही कार्यकर्त्यांनी प्रत्येक रविवार श्रमदानाला लावला. न येणाऱ्याला दंड ठेवला. त्याच वेळी वस्तीतल्या एका विधवा मावशीचे घर लिंटलवर अडकले होते. तीही दर रविवारी येऊन पाट्या वाहायची. स्लॅब पडला, आम्ही पेढे वाटले. पेढा हातात घेऊन ती म्हणाली, "बुद्धाला छप्पर झालं बाबा. माझी पाळी कधी?" आम्हाला उत्तर देता आले नाही. विहाराचा गिलावा थांबवला आणि पुढचे पाच रविवार तिच्या घरावर घातले. विहाराच्या मागच्या भिंतीला गिलावा उशिरा झाला, तो यामुळे. मावशीने आम्हाला शिकवले की श्रमदान मागण्याआधी सावड फेडावी लागते.

तरुणांना एवढेच सांगणे आहे. मजुरीच्या हजेरीपटाची नक्कल घ्या आणि विहारात फाईल करून ठेवा. घराच्या उताऱ्यावर बायकोचे नाव लावा, कारण पाणी तिने वाहिले आहे. उन्हाळ्यातल्या बांधकामाला टँकर द्या आणि ऊसतोडीवाल्यांचा हप्ता पाडव्याला हातात पडू द्या, ही मागणी ग्रामसभेत एकमुखाने करा. आणि कोणी फुकट म्हणाला, तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा.

जयभीम!