हिवाळ्यात म्युझियममधल्या चित्रांना थंडीपेक्षा हिटरचा धोका जास्त का असतो?

हिवाळ्यात लंडनच्या बोचऱ्या थंडीतून ट्रॅफलगर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत शिरलं, की उबदार वाटतं. पण हीच ऊब एकेकाळी इथल्या चित्रांच्या मुळावर उठली होती. ती कशी?

आधी हवेचं गणित

थंड हवेत बाष्प फार कमी मावतं. बाहेर तापमान शून्य अंश आहे आणि हवेत बाष्प काठोकाठ भरलंय, असं समजा. हीच हवा आत घेऊन 21 अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता 100 टक्क्यांवरून साधारण 25 टक्क्यांवर येते. बाष्प तेवढंच असतं, पण गरम हवेत आणखी बरंच मावू शकतं. म्हणूनच हिटर लावला की खोली कोरडी पडते.

चित्रांना त्रास काय होतो?

युरोपातली अनेक जुनी चित्रं लाकडी फळ्यांवर रंगवलेली आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं आणि पाऊस सरला की मोकळं होतं. या फळ्यांचंही तसंच आहे. कोरड्या हवेत फळी आकसते. वरचा शेकडो वर्षं जुना रंग मात्र तेवढा आकसत नाही. मग त्याला फोड येतात, पोपडे सुटतात.

खाणीने दिलेला धडा

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी गॅलरीची चित्रं 1941 मध्ये वेल्समधल्या मॅनॉड इथल्या दगडाच्या खाणीत हलवली गेली. तिथे तापमान सुमारे 17 अंश आणि आर्द्रता सुमारे 42 टक्के, अशी सतत सारखी ठेवली जायची. परिणामी, सुटणारे पोपडे पुन्हा चिकटवण्याचं काम जवळपास थांबलं.

युद्ध संपल्यावर 1945 मध्ये चित्रं लंडनला परतली आणि पोपडे पुन्हा सुटू लागले. खरा शत्रू थंडी नसून हवेतले चढउतार आहेत, हे स्पष्ट झालं. त्यानंतर गॅलरीत टप्प्याटप्प्याने वातानुकूलन आलं.

आज काय करतात?

आज अनेक मोठी म्युझियम 16 ते 25 अंश तापमान आणि 40 ते 60 टक्के आर्द्रता या मर्यादा पाळतात. हिवाळ्यात त्यासाठी हवेत मुद्दाम बाष्प सोडावं लागतं. ओले कोट आणि छत्र्या बाहेर ठेवायला सांगण्यामागेही आतली हवा जपणं हे एक कारण असतं.