डडलीचा डंकन : एका गावाने केलेले पुत्रस्मरण

वृद्धापकाळी कृतार्थ होऊन गेलेल्या पुरुषाचे स्मारक उभारणे तितकेसे अवघड नसते. त्याने केलेली कामे सर्वांच्या डोळ्यांपुढे असतात. ती शिळेवर कोरली म्हणजे समाज ऋणमुक्त होतो. परंतु ज्याचे कर्तृत्व नुकतेच उमलू लागले होते अशा तरुणाचे स्मरण गावाने कसे करावे? तेथे घडलेल्या कार्याइतकाच न घडलेल्या कार्याचाही मान राखावयाचा असतो. इंग्लंडातील डडली या गावाने हे कर्तव्य कसे पार पाडले, तो इतिहास आम्ही येथे संक्षेपाने सांगत आहोत.

डडली हे मध्य इंग्लंडातील कोळसा व लोखंड यांवर पोसलेले गाव. तेथे १ ऑक्टोबर १९३६ रोजी ग्लॅडस्टन व सारा ॲन या कष्टकरी दांपत्याच्या पोटी डंकन एडवर्ड्स जन्मास आला. त्याची धाकटी बहीण १९४७ साली अवघ्या काही आठवड्यांची असताना वारली. तेव्हापासून तो आईबापांचा एकुलता आधार. वस्तीलगतच्या प्रायरी पार्कमध्ये चेंडू खेळत तो वाढला. १९५२ साली मँचेस्टर युनायटेड या विख्यात संघाने त्यास आपलेसे केले. सोळाव्या वर्षी तो त्या संघाच्या पहिल्या फळीत खेळला आणि १९५५ साली, अठराव्या वर्षी, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात. १९५६ व १९५७ या लागोपाठच्या दोन वर्षी त्याच्या संघाने इंग्लंडचे अजिंक्यपद मिळविले. देशाकडून तो १८ सामने खेळला.

पुढे नियतीचा घाला पडला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडहून परतणारे संघाचे विमान म्युनिक येथे इंधन घेऊन निघाले. धावपट्टीवर साचलेल्या बर्फाच्या राड्यामुळे ते तिसऱ्या प्रयत्नातही उडू शकले नाही व कोसळले. त्या अपघाताने २३ बळी घेतले. डंकन पंधरा दिवस मृत्यूशी झुंजला आणि २१ फेब्रुवारीस, वयाच्या एकविसाव्या वर्षी, गेला. २६ फेब्रुवारीस डडलीत त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते. त्यास बहिणीशेजारी चिरविश्रांती देण्यात आली.

संघ खेळाडूचा गौरव करतो. गाव आपल्या मुलाचे स्मरण करते. हा भेद सेंट फ्रान्सिस चर्चमधील खिडक्यांपाशी स्पष्ट दिसतो. १९६१ साली तेथे रंगीत काचेच्या दोन खिडक्या बसविण्यात आल्या. ज्या जागी एरवी साधुसंतांच्या प्रतिमा असावयाच्या, तेथे फुटबॉलच्या पोशाखातील डंकन आहे. त्या प्रसंगी त्याचे गुरुतुल्य व्यवस्थापक मॅट बझ्बी उपस्थित होते. ते स्वतः त्याच अपघातातून वाचले होते. पुढे वडिलांनी लोखंडाच्या कारखान्यातील काम सोडून, मुलगा जेथे विसावला त्याच दफनभूमीत माळीकाम पत्करले. असे स्मारक कोणतीही नगरपालिका उभारू शकत नाही.

बाजारपेठेत पुतळा उभा राहावयास मात्र ४१ वर्षे लागली. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्याचे अनावरण झाले, ते त्याची वृद्ध माता व म्युनिकमधून बचावलेला त्याचा सहकारी बॉबी चार्लटन यांच्या हस्ते. एवढा विलंब का, असे कोणी विचारील. परंतु त्यास प्रत्यक्ष खेळताना पाहिलेली पिढी उतरणीस लागल्यावरही गावास पुतळ्याची आवश्यकता वाटली, यातच विस्मरण झाले नसल्याची साक्ष आहे, असे आम्ही समजतो. २००८ साली गावाबाहेरून जाणाऱ्या एका हमरस्त्यासही त्याचे नाव देण्यात आले.

तथापि केवळ नाव दिल्याने स्मृती टिकत नाही, हेही याच गावाने पाहिले. त्याच्या वस्तीतील एका मद्यगृहास २००१ साली त्याचे नाव देण्यात आले. काही वर्षांतच ते बंद पडले, जाळपोळीत सापडले आणि अखेर जमीनदोस्त झाले. याउलट २००६ साली प्रायरी पार्कमध्ये, जेथे तो बालपणी खेळला तेथेच, त्याच्या स्मरणार्थ मुलांसाठी खेळाची सोय करण्यात आली. या सर्व स्मारकांत आम्हांस हेच श्रेष्ठ वाटते. काच, धातू व फलक हे गेलेल्या मुलाचा मान राखतात. क्रीडांगण त्याची अपुरी राहिलेली वाट पुढच्या मुलांच्या पायांखाली देते.

आपल्या ज्ञातीतही अकाली गेलेले गुणी तरुण आहेत. त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत छापून व दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून आपण कर्तव्य संपले असे मानतो. ज्या तालमीत, ज्या वाचनालयात, ज्या मैदानावर ते घडले, तेथे आज कोणी घडत आहे काय, एवढे जरी आपण वर्षातून एकदा जाऊन पाहिले, तरी त्यांच्या मातापित्यांपुढे आपणांस मान खाली घालावी लागणार नाही.