दिवाळीचा रंग पावसाळ्यात का निघतो? घराला रंग देण्याआधी हे बघा

गणपती उठले की दिवाळीच्या आत घर रंगवायची घाई सुरू होते. पण भिंत तेव्हा पावसाचं पाणी प्यालेली असते. त्यावर प्लास्टिक रंग मारला की आतली ओल कोंडते अन् पुढच्या वर्षी पोपडे सुटतात.

ओल तपासायला हातभर प्लास्टिक कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावून रात्रभर ठेवावा. सकाळी कागदाच्या आत थेंब दिसले तर रंगाऱ्याला सरळ थांबवायचं, तो कितीही घाई करो. नव्या प्लास्टरला किमान 28 दिवस तरी द्यावेत.

मातीच्या किंवा जुन्या दगडी भिंतीला चुनाच बरा. स्वस्त म्हणून नाही, तर चुन्यातून भिंतीची ओल उडून जाते म्हणून. कळीचा चुना रात्रभर भिजवावा. पाणी पडताच तो उकळतो, तेव्हा पोरांना लांब ठेवावं. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. लोणा लागलेल्या जागेवर नुसती पुट्टी थापणं म्हणजे पैसे पाण्यात.

सिमेंटच्या घरात आतून डिस्टेंपर चालतो, पण स्वयंपाकघरात पुसता येणारं इमल्शन घ्यावं. बाहेरून एक्सटिरियर इमल्शनच. लोखंडी ग्रीलला आधी रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट.

ऑइल पेंट घेताना डबा वाचा. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही, अन् तसं डब्यावर छापावं लागतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. बिनलेबलचा सुटा रंग पाळण्याला किंवा खिडकीच्या गजाला लावू नये.