क्षमापत्रानंतरचा संपादक

मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान भिलाई आहे. तेथील पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. पण कारखान्याविषयी सोव्हिएत संघाशी करार झाला तो १९५५ साली, हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता तेव्हा. त्याच वर्षी संसदेने श्रमिक पत्रकारांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली दिलेल्या अहवालाचे ते फळ होते. वृत्तपत्रांचे आचरण पाहणारी परिषद असावी, असेही त्या आयोगाने सुचविले होते. ती परिषद मात्र ४ जुलै १९६६ रोजी अस्तित्वात आली. आधी वेतनाची तरतूद झाली, आचाराची नंतर. सरकारी कामाचा हा क्रम अगदीच अव्यवहार्य म्हणता येणार नाही. उपाशी बातमीदाराला नीतीचे पाठ कोणी द्यावेत?

परंतु भिलाईच्या परिसरात हा आचाराचा प्रश्न त्यापूर्वी अर्धे शतक एका मराठी गृहस्थाने स्वतःच्या आयुष्याशी लावून घेतला होता. माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घरची भाषा मराठी, शिक्षण बिलासपूर-रायपूरकडचे आणि लेखन हिंदी. पेंड्रा येथील जमीनदारीत राजकुमारांचे शिक्षक म्हणून काम करीत असतानाच, जानेवारी १९०० मध्ये, त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. रामराव चिंचोलकर हे सहसंपादक आणि वामन बळिराम लाखे हे प्रकाशक. ज्या प्रदेशात छापखाने बोटांवर मोजण्याइतके होते, तेथील हे मासिक तीन वर्षे चालले आणि १९०२ च्या अखेरीस आर्थिक ओढाताणीने बंद पडले.

या तीन वर्षांत सप्रे यांनी एक शिस्त पाळली. हिंदीत त्या काळी ग्रंथपरीक्षण म्हणजे बहुधा ग्रंथकाराचे अभिनंदन असे. सप्रे यांनी पुस्तक वाचून, गुणदोष उलगडून, कारणे देऊन परीक्षणे लिहिली. श्रीधर पाठकांसारख्या मान्यवर कवीलाही त्यांनी यातून वगळले नाही. लेखकाचा लौकिक पाहून मत बनवावयाचे नाही, हा नियम कोणत्याही परिषदेने घालून दिलेला नव्हता.

खरी कसोटी नागपुरास लागली. टिळकांच्या संमतीने १३ एप्रिल १९०७ रोजी ‘हिंद केसरी’ हे साप्ताहिक निघाले. ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हेच त्याचे काम. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टात सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपावरून, कलम १२४ अ खाली, अटक झाली. नागपूरच्याच ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही त्याच सुमारास खटला झाला.

सप्रे तुरुंगात असताना त्यांचे वडील बंधू बाबूराव यांनी त्यांना क्षमापत्र लिहून देण्याची गळ घातली, आणि ती साधी नव्हती. भावाच्या जिवाचाच प्रश्न सप्रे यांच्यापुढे उभा करण्यात आला. पित्याच्या जागी असलेल्या भावाचा शब्द मोडणे त्या काळच्या घरात किती कठीण होते, हे वेगळे सांगावयास नको. सप्रे यांनी सही केली व ते सुटले.

सरकारच्या दप्तरी प्रकरण मिटले. क्षमापत्र ही शासनाला नेहमीच सोयीची गोष्ट असते: खटल्याचा खर्च वाचतो, हुतात्मा निर्माण होत नाही आणि वृत्तपत्राचा कणा मोडतो. सप्रे यांच्या मनातले प्रकरण मात्र सुटकेच्या दिवशी सुरू झाले. ते सार्वजनिक जीवनातून दूर झाले. वर्ध्याजवळील हनुमानगड येथे रामदासी साधक श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सहवासात राहिले, माधुकरीवर निर्वाह केला आणि ‘दासबोधा’चे हिंदी भाषांतर हाती घेतले. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चे हिंदी रूपांतरही त्यांचेच. मंडालेहून परतलेल्या टिळकांना सप्रे यांच्या क्षमापत्राची अडचण वाटली नाही. अडचण वाटत होती ती सप्रे यांना.

येथे त्यांच्यावर एक आक्षेप घेता येतो. पश्चात्ताप झाला होता, तर त्यांनी पुन्हा वृत्तपत्र काढून ती उणीव भरून काढावयास हवी होती. माधुकरीने वाचकांचे काय भले झाले? आक्षेप पोकळ नाही. पण संपादकाचा अग्रलेख वाचक मानतो, तो त्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या भरवशावर. तो भरवसा आपण गमावला, असे सप्रे यांच्या वागण्यावरून त्यांना वाटत असावे. कोणीही काढून घेतलेली नसताना त्यांनी संपादकाची खुर्ची सोडली. पुढे १९७८ च्या कायद्याने पुनःस्थापित झालेल्या परिषदेला आचारसंहिता तयार करण्याचे काम दिले. तिच्या नियमांत छापण्यापूर्वी खातरजमा करणे आहे, ज्याच्यावर टीका झाली त्याला उत्तराची संधी देणे आहे. नियमभंग झाल्यास ती ताकीद देते किंवा निषेध नोंदविते. त्यापलीकडे दंड करण्याचा अधिकार तिला नाही. संपादकाने धाकापोटी लेखणी खाली ठेवली, तर पुन्हा ती केव्हा उचलावी, हे कोणत्या कलमात बसवावे?

सप्रे यांनी त्याचे उत्तर १९२० साली आपल्या परीने दिले. जबलपूरहून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक सुरू झाले, त्यामागची मुख्य प्रेरणा त्यांची. संपादकपद मात्र माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे गेले. पुढल्याच वर्षी बिलासपूर येथील भाषणाबद्दल चतुर्वेदी यांच्यावर राजद्रोहाचा आरोप आला. त्यांनी शिक्षा पत्करली आणि बिलासपूरच्या तुरुंगात ती भोगली. ज्या गावी सप्रे विद्यार्थी म्हणून वाढले, तेच हे गाव.

‘कर्मवीर’ मध्यंतरी बंद पडून १९२५ साली खांडव्याहून पुन्हा निघू लागले. २३ एप्रिल १९२६ रोजी सप्रे रायपूरला वारले.