सायकलसाठी घरच्या घरी बनवा लुकलुकणारा एलईडी दिवा (५५५ आयसी वापरून)



माझं गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाईट आळीपाळीनं मिळते. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. रातची लाईट असली की बाबा अकरा-बारा वाजता सायकलवर मोटार चालू करायला शेतात जातात. दोन वर्षांपूर्वी उसाच्या हंगामात मागून आलेल्या एका ट्रॉलीचा त्यांना धक्का लागला. हातावर निभावलं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुम्ही दिसलेच नाहीत." तो खोटं बोलत नव्हता. सायकलच्या मागचा रिफ्लेक्टर चिखलानं पार भरला होता.

रिफ्लेक्टर स्वतः प्रकाश देत नाही, समोरून पडलेला प्रकाश फक्त परत फेकतो. जुन्या सायकलींना डायनामो असायचा, पण सायकल थांबली की तो दिवा विझायचा. म्हणून मी बॅटरीवर चालणारा, स्वतःहून लुकलुकणारा लाल दिवा बनवला. इंजिनिअरिंगला असताना हे सर्किट फक्त मार्कांसाठी केलं होतं. खरा उपयोग तेव्हा कळला.

लागणारं साहित्य

- ५५५ टायमर आयसी आणि ८ पिनांचा आयसी बेस
- ५ एमएम लाल हाय-ब्राइट एलईडी: ४
- रेझिस्टर: १ किलोओहम (तपकिरी-काळा-लाल) एक, ४७ किलोओहम (पिवळा-जांभळा-नारंगी) एक, २२० ओहम (लाल-लाल-तपकिरी) दोन
- कपॅसिटर: १० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट एक, ०.०१ मायक्रोफॅरड (वर '१०३' लिहिलेला) एक
- ९ व्होल्टची बॅटरी, तिची क्लिप, छोटा स्विच
- झिरो पीसीबी, वायर, सोल्डर
- झाकणाची पारदर्शक प्लास्टिक डबी

रेडिओ-टीव्हीचे स्पेअर पार्ट मिळतात त्या दुकानात हे सगळं मिळतं. मला बॅटरीसकट दीडशे रुपयांच्या आत पडलं.

५५५ आयसी काम कसं करतो?

हा आयसी हान्स कॅमेन्झिंड या स्विस इंजिनिअरनं १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी डिझाइन केला आणि १९७२ मध्ये तो बाजारात आला. पन्नास वर्षं उलटली तरी तो आजही बनतो आणि विकला जातो.

पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. कपॅसिटर म्हणजे टाकी आणि रेझिस्टर म्हणजे तिचा बारीक नळ. टाकी दोन तृतीयांश भरली की ५५५ ती रिकामी करायला लागतो आणि एक तृतीयांशावर आली की पुन्हा भरू देतो. भरताना पिन ३ वर व्होल्टेज असतं, म्हणजे एलईडी लागतो. रिकामी होताना तो विझतो. हे चक्र आपोआप चालू राहतं.

वेगाचं सूत्र असं: वारंवारता = १.४४ ÷ ((R1 + २ × R2) × C). आपल्या किमती टाकल्या, म्हणजे R1 = १ किलोओहम, R2 = ४७ किलोओहम आणि C = १० मायक्रोफॅरड, की उत्तर येतं सुमारे १.५. म्हणजे सेकंदाला दीड वेळा उघडझाप.

जोडणी

आयसीची खाच वरच्या बाजूला धरा. डावीकडे वरची पिन १, खाली येत ४ पर्यंत. मग उजवीकडे खालून वर ५ ते ८.

१. पिन ८ आणि ४ एकत्र जोडून स्विचमार्फत बॅटरीच्या प्लसला (लाल वायर).
२. पिन १ बॅटरीच्या मायनसला (काळी वायर).
३. १ किलोओहम: पिन ८ आणि ७ च्या मध्ये.
४. ४७ किलोओहम: पिन ७ आणि ६ च्या मध्ये.
५. पिन २ आणि ६ एकमेकींना जोडा.
६. १० मायक्रोफॅरड कपॅसिटर: प्लस पिन २ ला, मायनस पिन १ ला.
७. '१०३' कपॅसिटर: पिन ५ आणि १ च्या मध्ये.
८. पिन ३ पासून २२० ओहम, मग एकामागे एक दोन एलईडी, मग मायनस. अशाच दोन रांगा करा. एलईडीचा लांब पाय प्लसच्या बाजूला.

२२० ओहमच का? ९ व्होल्टवर पिन ३ कडून साधारण ७.५ व्होल्ट मिळतात. दोन लाल एलईडी मिळून ४ व्होल्ट घेतात. उरलेले ३.५ भागिले २२० म्हणजे सुमारे १६ मिलिअँपिअर. एवढा करंट एलईडीला सोसतो. रेझिस्टर न लावता जोडाल तर एलईडी जळेल.

मोबाईलनं तपासा

स्टॉपवॉच लावा आणि २० उघडझापा मोजा. साधारण १३ सेकंद लागले पाहिजेत. कपॅसिटरची खरी किंमत थोडी मागेपुढे असते, त्यामुळे एक-दोन सेकंदांचा फरक चालतो.

माझा पहिला दिवा लुकलुकलाच नाही, नुसता लागून राहिला. तासभर डोकं खाजवलं. शेवटी मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ काढला, तर तो थरथरताना दिसला! १० ऐवजी मी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला होता. वेग शंभरपट झाला, सेकंदाला दीडशे वेळा. डोळ्याला ते कळतच नाही.

काहीच लागत नसेल तर आधी एलईडीचे पाय बघा, मग पिन ४ आणि ८ ची जोडणी. लागतो पण विझत नसेल तर २ आणि ६ तपासा.

बॅटरी किती टिकते?

एलईडी अर्धाच वेळ लागतात, म्हणून सरासरी १६ आणि आयसीचे स्वतःचे सुमारे ६, असे २२ मिलिअँपिअर धरा. बॅटरी ४०० एमएएचची असेल तर साधारण १८ तास. बाबांचं रोजचं जाणं-येणं चाळीस मिनिटांचं, म्हणजे तीन आठवडे सहज.

बॅटरी उतरली तरी लुकलुकण्याचा वेग जवळपास तोच राहतो, कारण ५५५ व्होल्टेजचा एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश असा वाटा बघतो. फक्त प्रकाश मंद होतो. त्यामुळे 'लुकलुकतोय ना' एवढं बघून निघू नका. पन्नास पावलं मागं जाऊन बघा.

पॉवर बँक वापरू का, असं मला बरेच जण विचारतात. नको. करंट इतका कमी असला की बऱ्याच पॉवर बँका स्वतःहून बंद पडतात, आणि ५ व्होल्टवर हे एलईडी नीट लागणारही नाहीत.

सायकलवर बसवताना

डबीच्या फटी हॉट ग्लूनं बंद करा, पण बॅटरी बदलता येईल असं झाकण ठेवा. पंक्चरच्या दुकानातून जुन्या ट्यूबची पट्टी घ्या आणि डबी सीटच्या खांबाला घट्ट बांधा. कॅरिअरवर गवताचा भारा असेल तर तो दिव्यासमोर येणार नाही, हे बघा.

आणि एक लक्षात ठेवा, या दिव्यानं तुम्हाला रस्ता दिसत नाही. तुम्ही दुसऱ्याला दिसता. पुढे पांढरी बॅटरी लागतेच. रिफ्लेक्टरही पुसून ठेवा. सेल संपला तर तोच कामाला येतो.

बाबा आधी म्हणाले, "कशाला पायजे? रस्ता पाठ हाय मला." मी म्हणालो, "तुम्हाला पाठ आहे, ट्रॉलीवाल्याला तुम्ही पाठ नाहीत." ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला: "तसले अजून दोन कर. शेजारच्या वावरातले बी रातीच जातात."