संशोधक आणि वर्गशिक्षक : एका संवादाचा इतिहास

शाळेत फळ्यासमोर उभा राहणारा शिक्षक आणि विद्यापीठात बसून शिक्षणाच्या शास्त्राचा अभ्यास करणारा संशोधक ही एकाच कार्याला वाहून घेतलेली माणसे होत. दोघांच्या चिंतनाचा विषय एकच, आणि तो म्हणजे शिकणारे मूल. असे असूनही गेल्या सव्वाशे वर्षांत या दोघांची गाठ क्वचितच पडली. आणि पडली तेव्हाही एकाने सांगावे व दुसऱ्याने ऐकावे, असेच तिचे स्वरूप राहिले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, विशेषतः इंग्लंडमध्ये, ही रीत काही अंशी मोडली. ती मोडण्यास कोणतीही सरकारी समिती कारण झाली नाही. ट्विटर नावाचे एक समाजमाध्यम, ज्यात त्या काळी एका वेळी अवघी १४० अक्षरे लिहिता येत, हे त्याचे निमित्त झाले. हा बदल कसा घडला आणि त्यातून काय हाती आले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १८९२ च्या सुमारास तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांना केंब्रिज गावच्या शिक्षकांपुढे व्याख्याने देण्यास सांगितले. ती व्याख्याने १८९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मानसशास्त्र हे शास्त्र आहे, अध्यापन ही कला आहे, आणि शास्त्रातून कला आपोआप उपजत नाही, असा इशारा जेम्स यांनी त्यांत स्पष्टपणे दिला होता. शास्त्राचे बोल आणि वर्गातील व्यवहार यांच्यामध्ये शिक्षकाची स्वतःची बुद्धी उभी असली पाहिजे, असा त्याचा आशय. १८९६ मध्ये जॉन ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठात एक शाळाच काढली आणि तिला प्रयोगशाळेचे स्थान दिले. तेथे विचार आणि अध्यापन एका छपराखाली नांदले. परंतु अशी शाळा म्हणजे अपवाद. गावोगावच्या हजारो शिक्षकांपर्यंत ते छप्पर पोहोचणे शक्य नव्हते.

मग उरले छापील कागदाचे साधन. मराठी वाचकांना हे साधन अपरिचित नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर व त्यांच्यामागून विष्णुशास्त्री यांनी चालविलेले ‘शालापत्रक’ शिक्षकांसाठीच होते. पुढे ताराबाई मोडक यांच्या ‘शिक्षणपत्रिके’ने बालशिक्षणाचे नवे विचार मराठी शिक्षकांच्या आणि पालकांच्या हाती दिले. अशा नियतकालिकांचे ऋण मोठे आहे. तथापि मासिकाचा ओघ मुख्यत्वे एकाच दिशेने वाहतो. वाचणाऱ्या शिक्षकाला एखादी शंका आली, तर तिचे उत्तर मिळण्यास महिने लागत, आणि पुष्कळदा ती शंका वहीच्या समासातच राहून जाई.

ब्रिटनमध्ये या एकतर्फी व्यवहाराला आव्हान दिले लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे सार असे की, शिक्षक हा केवळ दुसऱ्याच्या संशोधनाचा उपभोक्ता नव्हे; आपल्या वर्गाचे निरीक्षण करून तो स्वतःही संशोधक होऊ शकतो. दोन दशकांनंतर, १९९६ मध्ये, केंब्रिजचे प्राध्यापक डेव्हिड हारग्रीव्हज यांनी दुसऱ्या बाजूने प्रहार केला. वैद्यकाचे संशोधन रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचते, मग शिक्षणाचे संशोधन मुलाच्या बाकापाशी का पोहोचू नये, असा त्यांच्या व्याख्यानाचा रोख होता. त्यावर विद्यापीठांत खडाजंगी झाली. पण वर्गात शिकविणारा शिक्षक त्या वादाचा श्रोताच राहिला.

या दुराव्याची किंमत मुलांना मोजावी लागत होती. याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘शिकण्याच्या शैलीं’चा सिद्धान्त. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, तर काही हाताने करून, आणि ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकविले तरच विद्या येते, असे हे मत. ऐकावयास ते मोठे न्याय्य वाटते. परंतु २००४ मध्ये फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ७१ मांडण्या शोधून त्यांपैकी १३ मांडण्यांची कसून तपासणी केली, तेव्हा त्यांचा पाया फारच कच्चा आढळला. २००८ मध्ये चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी, शैलीनुसार शिकविण्याला आधार देणारा पुरेसा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. असे असता २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधील ९३ टक्के आणि नेदरलँड्समधील ९६ टक्के शिक्षक तो सिद्धान्त खरा मानत असल्याचे दिसून आले. शिक्षकांचा यात दोष तो काय? प्रशिक्षणवर्गात त्यांना तेच सांगितले गेले होते. खरा निर्वाळा छापला गेला तो संशोधकांच्या नियतकालिकांत. आणि अशा नियतकालिकांतील बहुतेक निबंध वर्गणीच्या कुलपाआड असत. त्यांची किंमत सामान्य शिक्षकाच्या खिशाला परवडणारी नव्हती.

ट्विटर २००६ मध्ये सुरू झाले. २००९ मध्ये अमेरिकेतील काही शिक्षकांनी दर मंगळवारी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुणेखाली, शिक्षणविषयक चर्चा करण्याचा प्रघात पाडला. पुढील वर्षी ब्रिटनमध्येही त्याच धर्तीवर चर्चा सुरू झाली. या व्यासपीठावर प्राध्यापकाला उच्चासन नव्हते आणि शिक्षकाला सतरंजी नव्हती. एखाद्या शिक्षिकेने रात्री वह्या तपासून झाल्यावर प्रश्न विचारावा आणि ज्याचा ग्रंथ तिने वाचला त्या ग्रंथकारानेच सकाळपर्यंत उत्तर द्यावे, असे घडू लागले.

मार्च २०१३ मध्ये वैद्य व लेखक बेन गोल्डेकर यांनी ब्रिटिश शिक्षण खात्यासाठी एक निवेदन लिहिले. औषधांप्रमाणेच अध्यापनाच्या पद्धतींचीही काटेकोर चाचणी व्हावी आणि संशोधनाचे प्रश्न ठरविण्यात शिक्षकांचा हात असावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर ट्विटरवर चर्चा चालू असता पूर्व लंडनमधील टॉम बेनेट नावाच्या शिक्षकाने, या विषयावर शिक्षक व संशोधक यांची एक परिषद भरवावी असे मनात आहे, अशा अर्थाच्या दोन ओळी लिहिल्या. काही तासांतच मदतीचे देकार येऊ लागले. कोणी जागा देऊ केली, कोणी व्याख्यान देण्याची तयारी दर्शविली, कोणी स्वयंसेवक म्हणून नाव दिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, एका शनिवारी, दक्षिण लंडनमधील डलिच कॉलेजात पहिली परिषद भरली. ‘रिसर्च-एड’ या नावाने ती चळवळ पुढे नेदरलँड्स, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांत पोहोचली. सुटीचा दिवस खर्चून शिक्षक येत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांना कोणी पाठविलेले नव्हते.

संशोधकांनाही या साधनाने नवी दृष्टी दिली. जानेवारी २०१६ मध्ये याना वाइनस्टाइन आणि मेगन स्मिथ या दोघी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी, उद्याच्या परीक्षेच्या धास्तीने ट्विटरवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या सिद्ध झालेल्या पद्धती सांगण्यास आरंभ केला. लवकरच शिक्षकही त्यांच्याकडे वळले. त्या सांगत ते ज्ञान नवे नव्हते. २००६ मध्येच रोडिगर आणि कार्पिकी यांनी एक बोलका प्रयोग केला होता. एका गटाने उतारा चार बैठकांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने एका बैठकीत वाचून उरलेल्या तीन बैठकांत तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहता वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात ६१ टक्के मजकूर राहिला होता, तर केवळ वाचणाऱ्यांच्या ध्यानात ४० टक्के. जे ज्ञान दहा वर्षे नियतकालिकांत पडून होते, ते आता वर्गाच्या भिंतीवरील तक्त्यावर आले आणि तासाच्या आरंभी चार प्रश्न विचारण्याच्या साध्या रिवाजात उतरले.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. इलिनॉय विद्यापीठातील बराक रोझेनशाइन यांनी २०१० मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने निघालेल्या एका पुस्तिकेत अध्यापनाची दहा तत्त्वे मांडली. मागील पाठाची उजळणी करावी, नवा भाग लहान लहान पायऱ्यांनी द्यावा, प्रश्न पुष्कळ विचारावेत, अशी ती शहाणपणाची सूत्रे. २०१२ मध्ये अमेरिकेतील शिक्षकसंघाच्या नियतकालिकात ती पुन्हा छापली गेली. ब्रिटनमधील शिक्षकांनी ती एकमेकांना दाखविली, समाजमाध्यमांतून ती देशभर पसरली आणि २०१९ मध्ये टॉम शेरिंग्टन यांनी त्यांवर लिहिलेले छोटेखानी पुस्तक शाळोशाळी पोहोचले. येथवर सारे शुभच घडले. परंतु काही शाळांत या दहा तत्त्वांची तपासणीची यादी बनली. प्रत्येक तासात दहाही गोष्टी दिसल्याच पाहिजेत, असा दंडक निघाला. तत्त्वे मांडणाऱ्याचा असा हेतू कधीच नव्हता. शिक्षकाने शिक्षकासाठी आणलेला दिवा अशा रीतीने पुन्हा वरिष्ठांच्या हातची छडी झाला.

माध्यमाच्या आखूडपणाचे दोषही दिसून आले. जानेवारी २०१७ मध्ये डिलन विल्यम या नामवंत संशोधकांनी, जॉन स्वेलर यांचा बोधभाराचा सिद्धान्त ही शिक्षकांनी जाणून घेण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय, असे मत ट्विटरवर व्यक्त केले. मनाला एका वेळी थोडाच भार पेलतो, हे स्वेलर यांचे प्रतिपादन १९८८ पासूनचे. त्या दोन ओळींनी ते असंख्य शिक्षकांपर्यंत गेले. मात्र त्यामागील मर्यादा, अटी आणि मतभेद दोन ओळींत मावत नाहीत. अनेकांनी निष्कर्ष उचलला आणि त्याची कारणे मागेच राहिली. तट पडले, आणि वादाला वैराचे रूप आले. शैलींचा सिद्धान्त ज्या घाईने स्वीकारला गेला, त्याच घाईने त्याच्या जागी दुसरा बसविण्याचा धोका उभा राहिला. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली, जुलै २०२३ मध्ये त्याचे नावही बदलून ‘एक्स’ झाले, आणि त्या सुमारास अनेक शिक्षक व संशोधक निरनिराळ्या माध्यमांकडे पांगले.

मग टिकले काय? ज्या ओळखी प्रत्यक्ष भेटीत रुजल्या, त्या टिकल्या. ज्या शाळांनी आठवड्यातील एखादा तास निबंध वाचून त्यावर चर्चा करण्यास राखून ठेवला, तेथे ती सवय रुजली. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या चार्टर्ड कॉलेज ऑफ टीचिंग या संस्थेने आपल्या सभासदांसाठी संशोधनाची कित्येक नियतकालिके खुली केली आणि शिक्षकांनी लिहावे असे स्वतःचे नियतकालिकही काढले. वर्गणीचे ते कुलूप त्यामुळे निदान काही अंशी तरी निघाले.

समाजमाध्यमाने शिक्षकाला ज्ञान दिले, यापेक्षा त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला, ही गोष्ट अधिक मोलाची मानावी लागेल. ‘हे खरे कशावरून?’ हा प्रश्न वरून आलेल्या आदेशाला विचारण्याचे धैर्य त्यातून आले. तोच प्रश्न समाजमाध्यमावर भेटलेल्या नव्या मताला विचारण्याचे धैर्य ज्यांनी राखले, त्यांच्या वर्गातील मुलांचा लाभ झाला. जेम्स यांनी शास्त्र आणि वर्ग यांच्यामध्ये शिक्षकाची बुद्धी उभी केली होती. साधने बदलली, पुढेही बदलतील; त्या बुद्धीची जागा मात्र त्यांपैकी कोणत्याही साधनाला घेता आलेली नाही.