कल्याणची आनंदी रोझेलला पोहोचते

४ जून १८८३ रोजी आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांचं वय अवघं अठरा होतं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली होती. सोबतीला मिशनच्या बायका होत्या, पण घरचं माणूस एकही नाही. नवरा गोपाळराव मागे राहिला होता. आणि ज्या कॉलेजात शिकायचं, तिथला प्रवेश अजून व्हायचाच होता.

धक्क्यावर घ्यायला आल्या होत्या थिओडिशिया कार्पेंटर. या दोघींनी एकमेकींना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ओळख होती ती पत्रांतून. तिथून आनंदीबाई न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटरबाईंच्या घरी गेल्या. परदेशातला त्यांचा पहिला मुक्काम एका कुटुंबात झाला, ही या साऱ्या हकिगतीतली सर्वांत मोलाची गोष्ट.

आनंदीबाईंचं माहेर कल्याणचं. परमुलुखाशी व्यवहार या गावाला नवा नव्हता. प्राचीन काळी हे नावाजलेलं बंदर होतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नोंद आहे. १६५७ नंतर शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवातही याच खाडीच्या परिसरातली. पुढे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली आणि सुमारे वर्षभरानं, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणला पोहोचली. असं हे गाव, पण ब्राह्मण घरातल्या बाईनं समुद्र ओलांडायचा म्हणजे तिथेही जात गमावण्याची धास्ती होतीच.

३१ मार्च १८६५ ला जन्मलेल्या यमुनेचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि सासरी ती आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला, वयानं बरेच मोठे, बायकोला शिकवायचंच या हट्टानं पेटलेले. तो हट्ट कधी कधी जाचाच्या पातळीला जाई, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण डॉक्टर होण्याची ओढ आनंदीबाईंची स्वतःची होती. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगायची चोरी. या अडचणीवर इलाज शोधायला त्या निघाल्या होत्या.

१८७८ साली गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना मदतीसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं ते धर्मांतराच्या सल्ल्याचं. तो पत्रव्यवहार ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये छापून आला आणि १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. त्यांनी थेट आनंदीबाईंना लिहिलं. मग सुमारे तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. त्यामुळे रोझेलच्या दारात उभी राहिलेली मुलगी त्या घराला परकी नव्हती.

निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधल्या श्रीरामपूरला आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केलं. अमेरिकेला का जायचं, एकटी का जायचं, जातीनं वाळीत टाकलं तर काय, अशा प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असं सांगितलं. रोझेलला त्यांनी हा शब्द रोजच्या जगण्यात पाळला: शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. उलट मावशींच्या मैत्रिणींना आपल्या पद्धतीचं जेवण रांधून वाढलं. नव्या देशात आल्या आल्या पाहुणीनं यजमानीण व्हावं, यात केवढा आत्मविश्वास आहे!

२८ जूनला, म्हणजे आल्यापासून महिनाही व्हायच्या आत, त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्जाचं पत्र लिहिलं. बायकांना डॉक्टर करण्यासाठी १८५० साली निघालेलं हे कॉलेज. शाळेची रीतसर पायरी आपण चढलेलो नाही, हे आनंदीबाईंना ठाऊक होतं. भर होता तो आपल्या देशातल्या बायकांच्या हालांवर आणि स्वतःच्या निश्चयावर. कॉलेजनं त्यांना घेतलं, वर शिष्यवृत्तीही दिली. डीन रेचल बॉडली यांनी त्यांच्याकडे मायेनं लक्ष पुरवलं. फिलाडेल्फियाला पोहोचवायलाही मावशीच गेल्या.

खरा परदेश सुरू झाला तो मावशी परतल्यावर. खोलीतली शेगडी नीट पेटेना, धूर कोंडे. अभ्यास सांभाळून स्वतःचं स्वतः रांधायचं. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी हाडांत शिरते; म्हणून त्या पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. नेसण्यातल्या एवढ्याशा बदलाचाही खुलासा गोपाळरावांना पत्रातून द्यावा लागला. प्रकृती मात्र खालावत गेली.

तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्याच कॉलेजात तेव्हा जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली शिकत होत्या. तिघींचं आपापल्या देशी पोशाखातलं १८८५ सालचं एकत्र छायाचित्र आज जगभर पाहिलं जातं. कोल्हापूर संस्थाननं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ केली. पण क्षयानं त्यांना तिथे रुजू होऊ दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्षही पुरं न करता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी इथे, मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.